शेरा : शहाणी झाली

मुलुंडच्या भाजी बाजारात मला पाहून वाट बदलणारी माणसं आहेत. भांडण नाही, काही नाही. त्यांचं मूल कधीतरी माझ्या टेबलासमोर बसलेलं असतं, एवढाच आमचा संबंध. मला नमस्कार केला की सोबतची बाई विचारणार, "कोण गं हे?" आणि मग उत्तर देत बसावं लागणार. म्हणून अशी माणसं दिसली की मीही भेंडी निवडण्यात गुंग होतो. एक बाई माझ्या खोलीत तासभर रडल्या होत्या. पुढे एका लग्नात त्या माझ्या शेजारच्या खुर्चीत आल्या आणि यजमानांनी ओळख करून दिल्यावर म्हणाल्या, "अरे वा, मुलुंडलाच राहता का?" मी म्हटलं, "हो, पूर्वेला." दोघांनीही आपापलं काम चोख केलं. जेवण मात्र मला त्या दिवशी गेलं नाही.

मी मानसशास्त्रज्ञ. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. आमच्या सोसायटीत मला "वेड्यांचे डॉक्टर" म्हणतात. त्यात दोन चुका आहेत. मी डॉक्टर नाही आणि माझ्याकडे येणारी मुलं वेडी नव्हती. घाटकोपरच्या एका विशेष मुलांच्या शाळेत मी नोकरी केली आणि आठवड्यातून दोन सकाळी अंधेरीच्या एका दवाखान्यात बसलो. या मुलांना आधी मतिमंद म्हणत, मग विशेष म्हणू लागले, आता कागदावर बौद्धिक अक्षमता लिहितात. नाव दर काही वर्षांनी बदलतं, कारण प्रत्येक नवं नाव थोड्या दिवसांत शिवी होतं.

माझ्या कामाचा एक भाग सगळ्यांना माहीत असतो. ठोकळे मांड, चित्रातलं काय हरवलं ते सांग, चार आकडे उलटे म्हण. त्यावरून बुद्धी किती ते काढायचं आणि दाखल्यावर सही करायची. दुसरा भाग कुणाला ठाऊक नसतो. या मुलाचं मन कसं आहे ते बघायचं. उदास आहे का, कशाला घाबरलंय का, आजारी पडतंय का. हे सांगितलं की माणसं हसतात. "अहो, ज्याला बुद्धीच कमी त्याचं मन काय बिघडणार?" जसं काही दुःख व्हायला दहावी पास व्हावं लागतं!

खरं तर ही मुलं तुमच्याआमच्यापेक्षा जास्त वेळा खचतात. फक्त ती सांगू शकत नाहीत. आपण म्हणतो "मला बरं वाटत नाही", ती डोकं भिंतीवर आपटतात, कपडे फाडतात, नाहीतर जेवायचं सोडतात. आणि आपण म्हणतो, ही मुलं असतातच अशी. या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक म्हणजे हे वाक्य. नव्याने आलेल्या पोरापोरींना मी बजावून सांगायचो की हे वाक्य माझ्या खोलीत उच्चारायचं नाही.

दहिसरचा एक अकरा वर्षांचा मुलगा स्वतःच्या गालात मारून घ्यायचा. बोलता येत नव्हतं. तीन ठिकाणी दाखवून झालं होतं, राग कमी करायच्या गोळ्या चालू होत्या आणि पोरगा दिवसभर पेंगत होता. पेंगता पेंगता मारून घेत होता. मी बघितलं की तो एकाच गालात मारतो. तोंड उघडायला लावलं, तर असा वास आला की मी मागे सरकलो. दाढ किडून आतून पोकळ झाली होती. माझ्या आयुष्यातलं सर्वांत अचूक निदान दाढेचं आहे, हे मी अभिमानाने सांगतो. तेव्हापासून आधी दात, मग कान, मग पोट आणि सगळ्यात शेवटी मन, हा माझा क्रम.

वेसाव्याचा एक मुलगा आला होता. मी विचारलं, दूध कुठून येतं? गप्प. पत्र कुठे टाकतात? गप्प. बाहेर बसलेली त्याची आई कोळीण, मासळी विकून थेट तशीच आलेली. ती दारातून ओरडली, "सर, त्याला बोंबील इचारा! ताजा कंचा नि कालचा कंचा. तुमाला नाय येनार, त्याला येल." मी कागदात पाहिलं. बोंबील नव्हता. मी म्हटलं, "मावशी, कागदावर नाहीये हो." ती म्हणाली, "मंग कागद बदला." मी नंतर खरंच माझी चित्रं बदलली. विलायती संचातला बर्फातला मुलगा काढून टाकला आणि तिथे टोपलीवाल्या बाईचं चित्र काढून घेतलं. अशा छोट्या छोट्या गोष्टींवर माणूस स्वतःला हुशार समजू लागतो. मीही समजू लागलो होतो. मयुरीच्या बाबतीत मला ते नडलं.

मयुरी पंधरा वर्षांची होती, समज पाच-सहा वर्षांच्या मुलीएवढी. असल्फ्याच्या डोंगरावर त्यांचं घर. वडील लिफ्ट दुरुस्तीला जायचे, आई दोन घरी स्वयंपाक करायची. मूळचे सावंतवाडीकडचे. शाळेत मयुरीचा दरारा होता. टीचरची ओढणी ओढायची, दुसऱ्याच्या डब्यातली चपाती पळवायची. मला "ए टकल्या सर" म्हणायची. माझ्या खोलीत आली की पहिलं काम म्हणजे ठोकळ्यांची पेटी उचलून जमिनीवर उपडी करायची. तो आवाज झाला की ती टाळ्या वाजवायची. मी दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाचा एक निरीक्षणाचा तक्ता भरायचो. तिच्या तक्त्यात जागा अपुरी पडायची.

तिला शाळेत आणायची ती तिची आत्या. मयुरी तिला आत्तू म्हणायची. लग्न केलेलं नव्हतं. कुठल्याशा कारखान्यात पॅकिंगचं काम करायची, मयुरी झाल्यावर ते सोडून तिने पोरीला हातात घेतलं. सकाळी सोडायची आणि शाळा सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर मेथी निवडत बसायची. मी येताजाता ती म्हणायची, "काय सर, आज किती जणांना पास केलंत?" मी म्हणायचो, "कुणालाच नाही, मीच नापास." वर्षानुवर्षं एवढंच संभाषण. तिचं नाव शालिनी होतं, हे मला फार उशिरा कळलं.

एका संक्रांतीनंतर मयुरी तीन आठवडे आली नाही. मग आली ती शाळेच्या व्हॅनमधून. बाकावर आत्या नव्हती. मला ते दिसलं होतं. दिसलं नाही असं म्हणून सुटका करून घेणार नाही. पण मी विचारलं नाही. माझी बायको गेल्यापासून कुणी दिसेनासं झालं की कुठे गेलं हे विचारायचं मी सोडून दिलं होतं. उत्तर ऐकायची हिंमत नव्हती. व्हॅन लावली असेल, आत्याला आराम मिळाला असेल, असं मनाशी ठरवून मी माझ्या खोलीत गेलो.

मार्चमध्ये तिचा तक्ता भरायला घेतला तेव्हा पोरीने शाळा डोक्यावर घेतली होती. सुटायच्या वेळी फाटकावर डोकं आपटायची. त्या बाकाला मिठी मारून बसायची, दोघींना मिळून सोडवायला लागायचं. आईकडून माहितीचा कागद भरून घेतला. त्यात प्रश्न होता, "कुटुंबात अलीकडे काही बदल?" आईने लिहिलं, "नाही." त्या प्रश्नाच्या वर कुटुंबाचे रकाने होते. वडील, आई, भावंडं. आत्याला रकाना नव्हता. तो कागद मीच तयार केलेला होता. आणि मी शेरा लिहिला, "वयात येतानाची चिडचिड."

मग मे महिन्याची सुट्टी लागली आणि ते सगळे गावाला गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. टीचर मला व्हरांड्यातच भेटली, खुशीत होती. "सर, मयुरीला बघा! गावाहून आली आणि एकदम शहाणी झालीय!" मी वर्गात डोकावलो. मयुरी हाताची घडी घालून बसली होती. ओढणी ओढली नाही. टकल्या म्हणाली नाही. माझ्या खोलीत आली तेव्हा ठोकळ्यांची पेटी तिच्यासमोर होती, तिने हातसुद्धा लावला नाही. मी सांगितले तेवढे ठोकळे मांडले आणि पुन्हा हाताची घडी. मला काय आनंद झाला! मी म्हटलं, "शाब्बास, किती शहाणी झालीस गं!" आणि तिच्या हातावर चमकता स्टार चिकटवला. तिने त्या स्टारकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. तक्त्यात मी लिहिलं, "शहाणी झाली. वागणुकीत लक्षणीय सुधारणा." खाली सही केली.

शहाणी हा आपला शब्द मोठा गमतीचा आहे. शहाणं मूल म्हणजे अक्कल असलेलं नव्हे, त्रास न देणारं. आमच्यासारख्या शाळेत तर तो सर्वोच्च किताब. आरडाओरडा करणाऱ्या मुलाला माझ्याकडे पाठवतात. गप्प झालेल्या मुलाला कुणी पाठवत नाही, त्याला स्टार देतात.

चूक पकडली ती लता मावशीने. मावशी म्हणजे आमच्या शाळेत मुलांना शौचाला नेणारी, डबे उघडून देणारी बाई. ऑगस्टमध्ये एकदा माझी खोली झाडताना ती म्हणाली, "सर, ती मयुरी डबा खात नाय. झाकण उघडते, बघते, परत लावते."

"कधीपासून?"

"शाळा उघडल्यापासून. स्कर्टला मी दोनदा पिन मारली. कमरेवर ऱ्हात नाय तो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला कोण इचारतं, सर?"

खरंच होतं. माझ्या तक्त्यात टीचरला रकाना होता, पालकांना होता. मावशीलाही रकाना नव्हता.

मी मयुरीला बोलावून घेतलं. आधी दात पाहिले, मग कान. सगळं ठीक होतं. माझ्या खोलीत एक बिघडलेला मोबाइल ठेवलेला असे. तोंडावर न बोलणारी मुलं फोनवर बोलतात, हे मी मुलांकडूनच शिकलो. तिच्या हातात दिला आणि विचारलं, "कुणाला फोन लावायचा?"

तिने तो कानाला लावला. खूप वेळ नुसती ऐकत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "हॅलो. आत्तू. ये."

मी संध्याकाळी तिच्या आईला बोलावलं आणि सहा महिन्यांपूर्वी विचारायला हवं होतं ते विचारलं. "मयुरीची आत्या कुठे असते?"

 "वारली, सर. संक्रांतीच्या आधी. सकाळी छातीत दुखलं नि दुपारपर्यंत खलास."

"आणि मयुरीला?"

"तिला शेजारी ठेवलेली. तिला सांगितलं, आत्तू गावाला गेली."

आपल्याकडे कोकणातली माणसं लहान मुलांना असंच सांगतात. गावाला गेली. मूल चारदा विचारतं, मग मोठं होता होता आपोआप समजतं. पण मयुरीसाठी गाव म्हणजे खरंखुरं गाव होतं. मे महिन्यात बॅगा भरल्या तेव्हा ती आनंदाने नाचली होती, असं आईने सांगितलं. "गाडीत पण आत्तू, आत्तू चाललेलं. घरात शिरली ती सगळ्या खोल्या बघून आली. मागची पडवी, गोठा. विहिरीवर धावली तेव्हा आम्ही घाबरलो. दोन दिवस शोधत होती. मग दारासमोरच्या खळ्यात जाऊन बसली ती बसलीच. आम्ही म्हटलं, विसरली. शहाणी झाली."

आता गणपतीला पुन्हा गावाला जायचं होतं. बॅग काढली की पोर खाटेखाली लपत होती. मी म्हटलं, त्याआधी तिला खरं सांगायला हवं, नाहीतर ती पुन्हा विहिरीपर्यंत जाईल आणि मग कदाचित घासच घेणार नाही. दुसऱ्या दिवशी वडील आले, ते ऐकेनात.

"सर, तिला काय कळतंय? उगाच रडेल."

"रडू दे."

"आमच्या घरात फोटो पण लावला नाय आम्ही. हार बघून विचारेल म्हणून. आणि तुम्ही सांगताय, सांगा!"

"तिला कळत नसतं, तर ती जेवली असती," मी म्हटलं.  ते खिशातून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत बसले. त्यांची सख्खी बहीण होती ती. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती, त्यामुळे त्या माणसालाही धड रडायला मिळालं नव्हतं.

कसं सांगायचं ते मी त्यांना शिकवलं. गेली म्हणायचं नाही, देवाघरी म्हणायचं नाही, झोपली तर मुळीच नाही. आजोबा झोपले असं सांगितलेला एक मुलगा नंतर महिनाभर डोळे मिटायला घाबरत होता. सरळ मेली म्हणायचं. मराठी माणसाला हा शब्द आपल्या माणसाबद्दल तोंडातून काढणं किती जड जातं, ते मला ठाऊक आहे. मीही बायकोबद्दल आजवर काढलेला नाही. आताही वर "गेल्यापासून" असंच लिहिलं आहे.

शनिवारी शाळा सुटल्यावर चौघं माझ्या खोलीत बसलो. मयुरी हाताची घडी घालून. वडिलांनी आत्याचा फोटो टेबलावर ठेवला. 

"मयू, आत्तू मेली. तिची छाती दुखली, खूप दुखली, आणि ती मेली."

"गावाला?"

"नाही. गावाला नाही. कुठेच नाही. ती आता परत येणार नाही."

मयुरीने फोटोकडे पाहिलं. मग आईकडे पाहून म्हणाली, "मी शहाणी झाली."

वडिलांनी फोटो तिच्याकडे सरकवला.

"मी शहाणी झाली ना?" आवाज चढला. "टीचर बोलली. सर बोलले. स्टार दिला!"

मला तरीही कळलं नाही. आईला कळलं. तिने ओढणीचा बोळा तोंडावर दाबला. "मीच सांगायची, सर. रोज सकाळी. रडायला लागली की सांगायची, शहाण्यासारखी राहा, म्हणजे आत्तू येईल."

 जूनपासून ही पोर आईची अट पाळत होती. गावाला आत्तू सापडली नाही, तेव्हा तिला वाटलं, आपणच अजून पुरत्या शहाण्या झालो नाही. म्हणून हसायचं सोडलं, ओरडायचं सोडलं, पेटीला हात लावायचा सोडला. शेवटी खायचंही सोडलं. शहाणी शहाणी म्हणून सगळे कौतुक करत होते आणि दारातून कुणी येत नव्हतं. आणि मुलांचं मन ओळखायची विद्या शिकलेल्या मी तिच्या हातावर स्टार चिकटवला होता. माझ्या हातून झालेल्या चुका बऱ्याच आहेत, पण या चुकीची मला लाज वाटते.

"मग आता नको?" मयुरीने मला विचारलं.

"काय नको, मयू?"

"शहाणी."

"नको," मी म्हटलं. "आता अजिबात नको."

 मग तिने हाताची घडी सोडली, टेबलावरची ठोकळ्यांची पेटी ओढली आणि जमिनीवर उपडी केली. टाळ्या वाजवल्या नाहीत. ठोकळ्यांच्या मधोमध बसकण मारली आणि "आत्तू" अशी हाक मारून ओरडून रडायला लागली. एवढ्या मोठ्याने मी तिला कधीच रडताना ऐकलं नव्हतं. आईच्या तोंडून सवयीने "गप गं, शहा..." एवढं बाहेर पडलं आणि तिने जीभ चावली. वडील फरशीवर तिच्याजवळ जाऊन बसले आणि तेही रडू लागले, लपवाछपवी न करता.

माझी बायको गेली तेव्हा मी आठव्या दिवशी कामावर हजर होतो. सरांनी किती समजूतदारपणे घेतलं, असं सगळे म्हणाले होते आणि मला ते ऐकून बरं वाटलं होतं. त्या शनिवारी मला त्या पोरीचा हेवा वाटला.

आवाज ऐकून लता मावशी धावत आली. बाहेर दुसरे पालक बसले होते. मूल ओरडायला लागलं की माझं दार लावून घ्यायचं, ही तिला माझीच शिकवण. तिने कडीला हात घातला. मी तिला म्हटलं, "राहू दे, मावशी. उघडंच राहू दे."